आशीर्वादम अण्णांचे सुटे सूर

गुणशीलन नेमकं काय काम करतो, हे लग्नाला बावीस वर्षं झाली तरी त्याच्या बायकोला नातेवाइकांत धड सांगता यायचं नाही. "सिनेमात असतात," एवढंच वळर्मती सांगायची. समोरचा लगेच विचारायचा, "कुठल्या सिनेमात दिसले?" मग ती इडलीच्या पिठाकडे बघायच्या निमित्तानं आत जायची.

गुणशीलन वाद्यांना जागा द्यायचा. सालिग्रामममधल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्याची खोली होती. भिंतींना जाड गाद्या, दोन मोठे स्पीकर, एक खुर्ची. नवे संगीतकार आपली गाणी घेऊन तिथं यायचे. गाण्यात चाळीस व्हायोलिनं असायची, चार चेलो असायचे, बासऱ्या, पिपाण्या, नगारे, सगळं असायचं. पण त्यातलं एकही त्या गाण्यासाठी कुणी वाजवलेलं नसायचं. संगणकात साठवलेले सूर पट्टीवर बोटं दाबून एकापुढे एक मांडलेले. त्यामुळे सगळी वाद्यं एकाच माणसाच्या तोंडून बोलल्यासारखी यायची, कानाला चिकटून, एकमेकांच्या अंगावर पडत.

गुणशीलन संगणकात एक प्लगइन, म्हणजे जोडीचा छोटा प्रोग्राम, उघडायचा. पडद्यावर रिकाम्या हॉलचा नकाशा यायचा आणि त्यावर एकेक ठिपका. एक ठिपका म्हणजे एक वाद्य. ठिपका डावीकडे सरकवला की व्हायोलिन डावीकडून ऐकू यायचं. मागे ढकलला की त्याची धार कमी व्हायची आणि मागच्या भिंतीवरून परतलेला आवाज त्यात मिसळायचा. हे काम बाकीचेही करत. पण ते सगळ्यांना सारख्या अंतरावर ओळीनं बसवायचे, शाळेत परीक्षेला बसवतात तसे. गुणशीलन दोन व्हायोलिनं जरा जवळ घ्यायचा, तिसरं खांबाआड ठेवायचा, बासरीला पंख्यापासून लांब न्यायचा. तास-दीड तासात गाण्यात माणसं बसल्यासारखी वाटायला लागायची.

"कुठून सुचतं हो तुम्हाला हे?" एकदा इनियन नावाच्या एका पोरसवदा संगीतकारानं विचारलं.

"सुचत नाही," गुणशीलन म्हणाला. "आठवतं."

वडपळनीला मुरुगनच्या देवळामागे एक मोठा स्टुडिओ होता. गुणशीलन डिप्लोमा करून त्र्याऐंशी साली तिथं लागला, तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. सकाळी नऊला हॉल भरायचा. चाळीस-पंचेचाळीस वादक, प्रत्येकाची खुर्ची ठरलेली. पहिल्या ओळीत कुणी बसायचं यावरून भांडणं व्हायची आणि दुपारच्या डब्यावर मिटायची. चेलोवाले चौघे उजव्या हाताला, दाराच्या अंगाला. चेलो हे मांडीत धरून वाजवायचं छातीएवढं व्हायोलिन; त्या चौघांत वयानं मोठे आशीर्वादम अण्णा. तिरुनेलवेलीकडच्या नाझरेतचे. उंच, किडकिडीत, कायम पांढरा सदरा. गज तारेवर ठेवायच्या आधी ते नाकातून जोरात श्वास ओढायचे. एवढ्या जोरात, की कधी कधी तो रेकॉर्डिंगमध्ये यायचा आणि वर काचेआडून संगीतकार ओरडायचे, "हॉलमध्ये बैल कुणी बांधलाय?" सगळा हॉल हसायचा. अण्णाही हसायचे, आणि पुढच्या वेळी तसाच श्वास ओढायचे.

नोकरीला लागून दोन महिने झाले असतील. सुट्टीनंतर गुणशीलननं चेलोपुढचा माइक उलटा लावला. अख्खं गाणं वाजवून झालं, गायिका गाऊन घामाघूम झाली, आणि वर कळलं की चेलो गायबच आहेत. संगीतकार जिना उतरून खाली आले ते डोळे लाल करूनच.

आशीर्वादम अण्णा उभे राहिले. "चूक माझी, सार. तार उतरली होती. बेसूर नको म्हणून मी हळू वाजवत होतो, आणि या तिघांनाही हळूच वाजवा म्हणालो."

वीस मिनिटं ते उभ्यानं बोलणी खात होते. त्यांचं वय काढलं गेलं, गावही काढलं गेलं. संध्याकाळी गुणशीलन त्यांच्या पाया पडायला गेला, तर त्यांनी खांद्याला धरून त्याला उठवलं. त्याला ते तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायचे.

"अरे तंबी, तुझी नोकरी गेली असती. माझं काय जाणार? शिव्याच पडल्या ना, त्या रोजच्याच आहेत. चल, बज्जी खाऊ. पैसे तू दे."

तेव्हापासून दुपारच्या सुट्टीत हॉल रिकामा झाला की अण्णा त्याला मधोमध खुर्चीत बसवायचे आणि डोळे मिटायला लावायचे. मग चेलो घेऊन कुठंतरी जाऊन एक सूर वाजवायचे.

"सांग, कुठं आहे मी?"

"खांबाजवळ."

"खांबाच्या पुढं की मागं?"

"पुढं."

"मागं आहे, गाढवा! आधी भिंतीचा आवाज आला की माझा? कान देऊन ऐक जरा."

असं दोन वर्षं चाललं. पुढे गुणशीलन डोळे मिटून सांगायला लागला, की भिंतीवरच्या पडद्यालगत आहात, आणि आज तोंड दाराकडे आहे. या क्षेत्रात त्याचं जे काही नाव झालं, ते त्या खुर्चीत बसून झालं.

दोन हजार चार साली स्टुडिओच्या मालकांचा मुलगा सेंथूरन परदेशातून शिकून आला. त्यानं गुणशीलनला वर बोलावलं. एव्हाना गुणशीलन मुख्य रेकॉर्डिस्ट झाला होता.

"तीन दिवस हॉल बंद ठेवायचा," सेंथूरन म्हणाला. "तारवाद्यवाल्यांना एकेकट्याला बसवायचं. गाणं नाही, चाल नाही, नुसता एकेक सूर. हळू, जोरात, लांब, तुटक. सगळे सूर घेऊन ठेवायचे. मग पुन्हा चाळीस जणांना बोलवायची गरज नाही."

गुणशीलननं काचेतून खाली हॉलकडे बघितलं.

"आणि कुणाजवळ बोलू नका. वादकांची संघटना उगाच बोंब मारेल. तुमची जागा पक्की आहे, तुम्ही काळजी करू नका."

हे सगळं कशासाठी आहे ते गुणशीलनला त्या घटकेलाच कळलं होतं. पुढे त्यानं स्वतःची कितीही समजूत घातली, तरी ही एक गोष्ट त्याला कधी नाकारता आली नाही. घरी मुलगी पाळण्यात होती, वळर्मतीची शाळेतली नोकरी अजून कायम झाली नव्हती. तो "बरं" म्हणाला आणि खाली आला.

पहिल्या दिवशी दुपारी आशीर्वादम अण्णा पायऱ्यांवर दहीभाताचा डबा उघडून बसले होते. त्यांनी गुणशीलनला हाक मारली.

"तंबी, काय चाललंय रे हे? सकाळपासून एकच सूर घासतोय. पाळण्यातलं पोरसुद्धा दोन सुरांत रडतं."

"नवे माइक आलेत, अण्णा. त्यांची तपासणी आहे."

"तीन दिवस?"

"महागातले आहेत."

अण्णांनी त्याच्याकडे बघितलं. मग लोणच्याची फोड त्याच्या हातावर ठेवली. "असं होय? मग नीटच वाजवतो. नंतर माइक खराब निघाले तर खापर तुझ्या डोक्यावर नको."

आणि त्यांनी नीट वाजवलं. बाकीचे दुसऱ्या दिवशी कंटाळले, तिसऱ्या दिवशी उरकायला लागले. अण्णांनी शेवटचा सूरही पहिल्यासारखाच वाजवला. गुणशीलन काचेआड बसून पट्ट्या वरखाली करत होता. अण्णांनी मान वर करून खुणेनं विचारलं, बरोबर येतंय का? गुणशीलननं अंगठा वर केला.

नंतर भांडण झालं नाही की कुणाला काढून टाकलं नाही. बोलावणी कमी होत गेली, एवढंच. महिन्याची वीस होती ती बारा झाली, मग चार, मग दिवाळीच्या आधी एखादं. कण्णप्पन नावाचा दुसऱ्या ओळीतला व्हायोलिनवाला रिक्षा चालवायला लागला. एकानं झेरॉक्सचं दुकान टाकलं. आशीर्वादम अण्णा लग्नांतून वाजवायचे, मुलांना शिकवायचे, रविवारी चर्चमध्ये वाजवायचे. गुणशीलन भेटला की म्हणायचे, "मंदी आहे रे, तंबी. जाईल." गुणशीलन "हो, अण्णा" म्हणायचा.

दोन हजार आठ साली हॉल पाडून तिथं फ्लॅट बांधायचं ठरलं. शेवटच्या आठवड्यात गुणशीलन एका सकाळी पन्नास फुगे घेऊन हॉलमध्ये गेला. खुर्च्या लिलावात गेल्या होत्या, पण त्यांच्या पायांचे डाग फरशीवर होते. प्रत्येक डागावर उभं राहून त्यानं एकेक फुगा फोडला आणि मधोमध ठेवलेल्या माइकनं तो आवाज भिंतींवर कसा आपटून विरतो ते टिपून घेतलं. वॉचमन धावत आला, "सार, वाढदिवस आहे का कुणाचा?" गुणशीलननं पुढचा फुगा फुगवायला घेतला. त्या आवाजांवरून त्यानं तो हॉल संगणकात जसाच्या तसा उभा केला. पुढे त्यानं बसवलेली सगळी वाद्यं त्याच हॉलमध्ये, ज्याच्या त्याच्या जागी बसायची.

पुढच्याच वर्षीची गोष्ट. आशीर्वादम अण्णा शिकवणीहून परतताना कोडंबाक्कमला एका चहाच्या टपरीवर थांबले होते. रेडिओवर नवं गाणं लागलं. कडव्याच्या आधी चेलो आला, एकटा, जेमतेम चार सूर. अण्णांच्या हातातला ग्लास तसाच राहिला. चारही सुरांच्या आधी बारीकसा श्वास होता.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ते सालिग्राममच्या खोलीच्या दारात उभे होते. दोन जिने चढून धाप लागली होती. गुणशीलन उठून उभा राहिला.

"या, अण्णा! कॉफी सांगतो."

"कॉफी नको. मला दाखव."

"काय दाखवू?"

"मी कुठं बसलोय ते."

गुणशीलनला न ऐकल्यासारखं करता आलं असतं. त्यानं ते केलं नाही. त्याच गाण्याची फाइल त्यानं उघडली आणि पडद्यावर बोट ठेवलं. उजव्या हाताला, दाराच्या अंगाला, एक तपकिरी ठिपका.

"माझ्याच जागेवर ठेवलंस," अण्णा म्हणाले. "वाजव."

बाकी सगळं बंद करून गुणशीलननं तेवढा चेलो वाजवला. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. त्यांची डावी बोटं सदऱ्यावरच हलत होती, आणि तिसऱ्या सुराला थांबली.

"इथं मी असा कधी उतरलो नसतो," ते म्हणाले. "हे मी वाजवलेलंच नाही. आणि आवाज माझा आहे. याला काय म्हणायचं रे, तंबी?"

गुणशीलननं फाइल बंद केली.

"पायऱ्यांवर मी तुला विचारलं होतं."

"हो, अण्णा."

"माइक म्हणालास."

"हो."

"सेंथूरन खोटं बोलला असता तर मला वाईट वाटलं नसतं. त्याला मी विचारलंच नसतं." त्यांनी दाराला हात लावला. "एवढं मन लावून वाजवलं मी, तुझ्या माइकसाठी."

जिना उतरतानाचा त्यांचा आवाज गुणशीलनला शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू आला. कुठल्या पायरीवर ते थांबले, तेही कळलं.

त्यानंतर गुणशीलन चार वेळा त्यांच्या घरी गेला. दार ज्ञानसुंदरी अक्का उघडायच्या, अण्णांच्या बायको. "घरी नाहीत," म्हणायच्या. अण्णांच्या वहाणा उंबऱ्याशी असायच्या आणि त्याही वहाणांकडे बघतच बोलायच्या. एकदा नाताळात तो केक घेऊन गेला. अक्कांनी केक घेतला, पण आत या म्हणाल्या नाहीत. पाचव्यांदा जायचा त्याला धीर झाला नाही.

सहा वर्षांनी कण्णप्पनचा फोन आला. अण्णा सकाळी अंघोळीला गेले आणि तिथंच पडले. गुणशीलन मातीला गेला, मागे उभा राहिला. जुन्या हॉलमधले अकरा जण आले होते. कुणी त्याला टाळलं नाही, कुणी जवळही बोलावलं नाही.

चार दिवसांनी ज्ञानसुंदरी अक्का स्वतः त्याच्या खोलीवर आल्या. खुर्चीत बसून त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"पुढल्या रविवारी चर्चमध्ये स्मरणाची प्रार्थना आहे. पोरं म्हणतात, बाबांचं वाजवलेलं काहीतरी लावू. घरात काहीच नाही रे, गुणा. हजारभर गाण्यांत वाजवलं म्हणतात. पण चाळीस जणांत त्यांचा आवाज कुठला, ते मला कुठून कळणार?" त्यांनी स्पीकरकडे बघितलं. "तुझ्याकडे आहेत ना त्यांचे सूर?"

"आहेत, अक्का."

"त्यांना आवडायचं ते भजन वाजवून दे. त्यांच्याच आवाजात."

गुणशीलननं चार दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. भजन सोपं होतं, लहान मुलंही गातात असं. त्याच्याजवळ अण्णांचा प्रत्येक सूर होता, हळू, जोरात, लांब, तुटक. त्यानं ते ओळीनं मांडले. चर्चच्या दुसऱ्या बाकावर बसणाऱ्याला वाटेल, इतक्या अंतरावर अण्णांना बसवलं. अंतर अचूक साधलं. भिंतीवरून येणारा आवाज अचूक साधला. भजन मात्र जमेना.

अण्णा एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना बोट किंचित ओढत न्यायचे. कधी लवकर निघायचे, कधी मुद्दाम उशिरा. ते त्या तीन दिवसांत कुणी मागितलंच नव्हतं, म्हणून ते कुठंही साठवलेलं नव्हतं. एक सूर संपायचा आणि दुसरा नव्यानं सुरू व्हायचा. शिवाय प्रत्येकाच्या आधी तो श्वास. भजनात छप्पन सूर, म्हणजे छप्पन श्वास. ऐकताना दम्याचा रोगी वाटायचा. श्वास कापले, तर कुणीही वाजवावं तसं वाटायला लागलं. त्यानं काही ठेवले, काही कापले, पुन्हा ठेवले. चौथ्या दिवशी वळर्मती डबा द्यायला आली. पाच मिनिटं दारात उभी राहून तिनं ऐकलं.

"कुणाचं आहे हे?" तिनं विचारलं. तिनं अण्णांना घरी, तिच्याच स्वयंपाकघराच्या दारात बसून वाजवताना कितीदा ऐकलं होतं.

शनिवारी गुणशीलन फोनमध्ये ते भजन घेऊन अक्कांकडे गेला. या वेळी त्यांनी त्याला आत बसवलं. अर्धं कडवं होईपर्यंत त्या ऐकत राहिल्या, मग त्यांनी हात वर केला.

"बंद कर, गुणा."

त्यानं बंद केलं.

"सगळं बरोबर आहे. पण हे नको लावायला. लोकांना वाटेल, ते असंच वाजवायचे."

मग गुणशीलननं सांगून टाकलं. पायऱ्यांवरचा दहीभात, माइकची थाप, आपल्याला आधीपासून सगळं माहीत होतं ते. अक्का गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होत्या.

"तू खरं सांगितलं असतंस, तरी ते वाजवायला गेलेच असते," शेवटी त्या म्हणाल्या. "घरात चार तोंडं होती. पण जाताना त्यांना माहीत असतं. परत येऊन मला म्हणाले असते, आज माझी शेवटची मजुरी वाजवून आलो. आम्ही दोघं मिळून रडलो असतो. ते तू नेलंस."

अक्कांनी त्याला पाणी दिलं.

रविवारी चर्चमध्ये भजन पोरांनी गायलं. साथीला काही नव्हतं. दोन ओळींनंतर पट्टी खाली उतरली, ती तशीच राहिली.

पुढच्या वर्षी सेंथूरननं आपल्या नव्या स्टुडिओत पुन्हा बोलावणं धाडलं. आता त्याला नादस्वरमचे, म्हणजे दक्षिणेतल्या लांब सनईचे, सूर साठवायचे होते. कुंभकोणमकडून सहा वादक सकाळच्या गाडीनं आले. कपाळाला भस्म, रेशमी किनारीची लुंगीसारखी वेष्टी, हातात पिशव्यांत गुंडाळलेली वाद्यं. सगळ्यांत वयस्कर कुळंदैवेलू, पंचाहत्तरीचे. गुणशीलन काचेआड गेला नाही. तो त्यांच्यासमोर खाली बसला आणि हात जोडून म्हणाला, "सुरू करायच्या आधी एक सांगायचंय. हे सूर एकदा इथं आले, की सिनेमावाले तुम्हाला परत बोलावणार नाहीत. लग्नांतसुद्धा पुढेमागे हेच वाजेल. हे कळून वाजवा, नाहीतर नका वाजवू."

त्यांतले दोघं भाऊ उठले, पिशव्या उचलल्या आणि नमस्कार करून निघून गेले. चौघे राहिले.

"तसंही आता कोण बोलावतंय?" कुळंदैवेलू म्हणाले. "पण सांगितलंत ते बरं केलंत. एक विचारू? उद्या हे कुठं वाजलं, तर आमचं नाव येईल?"

"नाही."

"मग तुमच्यापुरतं लिहून ठेवा. कुणाचा सूर, कुठल्या गावचा, कुणाचा मुलगा."

गुणशीलननं प्रत्येक सुराच्या फाइलला तसं नाव दिलं. नाव, बापाचं नाव, गाव. चार दिवस लागले. दोन वादक कमी पडले म्हणून सेंथूरन चिडला. कुणी काय सांगितलं ते त्याला कळलंच, आणि त्यानंतर त्यानं गुणशीलनला काम दिलं नाही. गुणशीलननंही मागितलं नाही. इनियनसारख्या दोघा-तिघांची लहान कामं करत त्यानं आणखी तीन वर्षं काढली आणि मग खोली सोडली.

तो खोली सोडत होता तेव्हा इनियननं एक गोष्ट सांगितली. त्या नादस्वरमच्या फाइली आता सगळीकडे वापरात होत्या, पण नावं फार लांब पडतात म्हणून कुणीतरी ती पुसून आकडे घातले होते. एक, दोन, तीन, चार. गुणशीलननं कुंभकोणमला फोन लावला. कुळंदैवेलूंच्या सुनेनं उचलला. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं होतं.